वर माणूस आहे

त्या दिवशी सकाळपासून सातपुडा दिसतच नव्हता. शहाद्याहून उत्तरेला पाहिलं की एरवी डोंगराची निळी रेघ दिसते, तिथं नुसतं पांढरं होतं. थंडी अशी की जीपच्या काचेवरचं दव फडक्यानं पुसावं, तर हात मागे घेईपर्यंत पुन्हा धरलेलं. दुपारी घटकाभर ऊन पडलं, तेही फिकट, आजाऱ्यासारखं. चारच्या सुमारास परत धुकं उतरलं. तारीख सांगतो. बावीस डिसेंबर, साल दोन हजार बावीस, वार गुरुवार. मार्गशीर्षातली अमावस्या त्या संध्याकाळी लागत होती. मला लिहितावाचता येत नाही, पण तारखा डोक्यात बसतात. ही तर बसलीच आहे, उठत नाही.

भूपेश, तो दिवा जरा बारीक कर. आणि जागृती, ती बासुंदीची वाटी माझ्यापुढून उचल गं बाई. तुझ्या हाताला दोष नाही. का नको, ते गोष्टीतच येईल.

"आप्पा, भुताचीच ना पण?"

ते तुम्ही दोघं बहीणभाऊ ठरवा. मी सांगतो ते श्रेणिकभाऊंच्या बाबतीत घडलेलं. बाजारपेठेत ज्यांचं कापडाचं दुकान आहे, त्यांचा हा धाकटा. आज गल्ल्यावर बसलेला दिसतो ना, तोच. तेव्हा तो इंजिनियर होता, वर पठारावर. भूपेश, तू सोमवारपासून तिथंच कामाला लागणार, म्हणून आज सांगतो. नाहीतर हे मी माझ्याबरोबरच नेलं असतं.

तोरणमाळच्या अलीकडे त्या पठारावर ती मोठी तबकडी उभी आहे. लोखंडाची, पांढरी, आपल्या गल्लीतली दहा घरं आत मावतील एवढी. आकाशातले आवाज ऐकायची म्हणतात. मी तिथली जीप चालवायचो, माणसं शहाद्याहून वर न्यायची आणि खाली आणायची. एवढं अवजड धूड, पण माणूस फिरवत नसे. संगणक फिरवायचा. आणि त्या संगणकाला काय करू द्यायचं, काय नाही, हे ठरवलं होतं श्रेणिकभाऊनं.

घाट चढताना तो मला सांगायचा. "आप्पा, यंत्र हलवणं सोपं असतं. त्यानं कधी हलू नये, ते बसवणं अवघड."

"म्हणजे कसं, शेठ?" मी त्याला शेठ म्हणून चिडवायचो.

"शेठ माझे वडील. मी पगारी माणूस. असं बघा, तार तुटली, थांब. वीज गेली, थांब. उंदरानं काही कुरतडलं, थांब. शंका आली की थांब. हलायला परवानगी लागते, थांबायला लागत नाही."

मला ते फार आवडायचं. माणसालाही असं बसवता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानं बसवलेल्या सगळ्यात मोठी गोष्ट कुठली, तर एक चावी. खालच्या खोलीत लोखंडी कपाट, त्यात संगणकाच्या तारा, आणि कपाटाच्या दारावर चावी. ती चावी लावलेली असेल तरच तबकडीच्या मोटारीला वीज मिळायची. वर ग्रीस भरायला कुणी चढला की त्यानं चावी काढायची आणि खिशात घालूनच चढायचं. चावी बाहेर आली की कपाटावर लाल दिवा लागायचा. त्याखाली लिहिलं होतं, 'वर माणूस आहे'. मग पंतप्रधान आले तरी तबकडी हलायची नाही.

"इंटरलॉक म्हणतात त्याला, आप्पा."

म्हणत असतील. आम्ही चावीच म्हणायचो. आणि चावी एकच होती. श्रेणिकभाऊचा हट्टच होता तो. दोन झाल्या की अर्थच उरत नाही, म्हणायचा.

वर चढायचं काम नवलचं. नवल म्हसावदचा, आपल्यासारखाच शेतीवाल्या घरातला, अंगानं सडपातळ, लोखंडाच्या शिडीवर खारीसारखा. त्यानं चावीला बायकोच्या जुन्या लुगड्याच्या काठाची लाल चिंधी बांधली होती. आणि त्याची एक रीत होती. चढताना पान्यानं शिडीवर एक ठोका मारायचा. टण्. उतरल्यावर दोन. टण् टण्. खाली बसल्या जागी आम्हाला कळायचं, नवल चढला, नवल उतरला.

खोड एकच. विसराळू. आठवड्यातून एकदा तरी चावी खिशात घालून तसाच घरी जायचा. मग रात्रभर तबकडी ठप्प, शास्त्रज्ञ मंडळी डोक्याला हात लावून बसलेली. दुसऱ्या दिवशी श्रेणिकभाऊ रागवायचा, "अरे, तू घरी घोरत होतास आणि संगणकाला वाटत होतं तू वरच लोंबकळतोयस!"

नवल हसायचा. "बरोबरच शे ना भाऊ त्यानं. मन्ही बायको बी तेच म्हनस, आंग घर येस, पन जीव तठेच टांगेल ऱ्हास."

असा तो नवल. आणि त्या बावीस तारखेला नवलला जाऊन बारावा दिवस होता. अकरा तारखेला, रविवारी, रात्री आठ वाजून चाळीस मिनिटांनी, तो वर असताना तबकडी फिरली. वजनाचा मोठा ठोकळा असतो मागे... त्याच्या आणि खांबाच्या मध्ये तो सापडला. जास्त सांगत नाही. तुम्ही जेवून बसला आहात.

तिथल्या मोठ्या साहेबांनी कागद तयार केला. त्यात लिहिलं होतं की नवल दारू प्यायलेला होता, चावी कपाटालाच ठेवून चढला, चूक त्याचीच. तेवीस तारखेला सकाळी बाहेरून तीन माणसं चौकशीला येणार होती. त्यांच्यासमोर श्रेणिकभाऊनं त्या कागदावर सही करायची होती. यंत्रात दोष नव्हता, सगळं ठीक आहे, म्हणून. त्याआधी त्यानं रात्री यंत्र तपासायचं, चालवून बघायचं, आणि त्याचा कागद काढायचा. त्याच कामासाठी मी त्याला वर नेत होतो. त्याच्या मांडीवर एक खोका होता, कपाटात तारांना जोडायचं एक नवं कार्ड. एवढंच आमचं काम. साधं.

म्हसावदला तो म्हणाला, "आप्पा, नवलच्या घरावरून घ्या."

रूपाली, नवलची बायको, ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. दुसऱ्या दिवशी तेरावं. जीप बघून ती उठली, पण ओट्यावरून खाली आली नाही.

"भाऊ, त्या कागदवर तुम्ही काय लिखनार शेतस?"

श्रेणिकभाऊ मांडीवरच्या खोक्याकडे बघू लागला.

"साहेबना मानूस उना व्हता. म्हने दारू पियेल व्हता असं लिखेल शे. आखा जनममा त्यानी थेंब तोंडले लावेल नही. गळामा माळ व्हती. मन्ही पोर शाळामा जास भाऊ. तिले बाकीन्या पोरी काय म्हनतीन?"

"वहिनी, संगणकानं जे नोंदवून ठेवलंय तेच मी लिहीन."

"संगनक खोटं बोलस का?"

"नाही."

"आनि मानूस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. सहजच पाहिलं असेल. पण मी मान फिरवून जीप सुरू केली.

घाटात धुकं एवढं की दिव्यांपुढे वावभर रस्ता. एका वळणावर, जिथं दरी सरळ खाली जाते, तिथं मला मळमळायला लागलं. मी काच खाली केली. श्रेणिकभाऊ म्हणाला, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, पित्त." ते वळण लक्षात ठेवा.

वर पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. फाटकावर एक पहारेकरी, शेकोटीपाशी पासोडी घेऊन. बाकी कुणी नाही. साहेब त्यांच्या बंगल्यात. तबकडी धुक्यात होती. दिसत नव्हती, पण आहे हे कळत होतं. अंधारात बैल उभा असला की कळतं तसं.

खोली बारा दिवस बंद होती. दार उघडलं आणि वास आला. असला वास की मी नाकाला रुमाल लावला. जळकं ग्रीस आणि त्याच्या खाली काहीतरी गोडसर, कुजकट. श्रेणिकभाऊनं कपाट उघडलं. आत दोन तारांच्या मध्ये एक पाल चिकटून मेली होती. वाळून कातडं झालेली, आणि तिच्याखाली चिकट काळं पाणी. त्यानं पकडीनं ती ओढली. शेपूट तिथंच राहिलं. त्यानं हात पँटीला पुसला. घाण वाटली, तरी बरंही वाटलं. वासाचं कारण सापडलं ना.

त्यानं सगळं पुसलं. नवं कार्ड बसवलं. कपाट बंद केलं. चावी दाराला होतीच, लावलेली. संगणक सुरू केला.

लाल दिवा लागला.

'वर माणूस आहे.'

श्रेणिकभाऊ म्हणाला, "कसं शक्य आहे? चावी तर आत आहे." त्यानं चावी काढली, पुन्हा लावली. लाल. एकेक तार मोजली. प्रत्येक तारेत वीज बरोबर. जुनं कार्ड परत लावून पाहिलं. लाल. थंडीत त्याच्या कपाळावर घाम आला होता.

मग त्यानं संगणकातली अकरा तारखेची नोंद काढली आणि मला वाचून दाखवली. "बघा आप्पा. संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटं, चावी बाहेर. म्हणजे नवलनं काढली. आठ अडतीसला, चावी आत. आठ चाळीसला मोटार सुरू. साहेब म्हणतात नवलनंच आठ अडतीसला परत लावली आणि तसाच चढला. पण नवल चावी काढल्याशिवाय चढेल? तो काढायला विसरत नव्हता हो. तो परत लावायला विसरायचा."

मी भिंतीकडे बघत होतो.

त्यानं चावी पुन्हा बाहेर काढली. या वेळी दिव्याखाली धरली. कितीतरी वेळ धरली.

"आप्पा, ही पितळी आहे. कानशीचे ओरखडे ताजे आहेत. नवलची चावी पोलादी होती. तिची चिंधी कुठे आहे?"

मी रुमालाची घडी घालू लागलो.

"आप्पा..."

घड्याळात आठ चाळीस झाले होते. ते मी पाहिलं, कारण मला त्याच्याकडे बघायचं नव्हतं.

बाहेर ठोका पडला.

टण्.

एक.

श्रेणिकभाऊ उठला. खिडकीशी गेला. धुकं. काही दिसेना. पहारेकऱ्याला हाक मारली. तो लांबून म्हणाला, "मी फाटकवरच शे भाऊ, काय झालं?" त्याला काही ऐकू आलं नव्हतं.

आम्ही थांबलो. दुसरे दोन ठोके यावेत म्हणून. उतरल्याचे.

आले नाहीत.

वास परत आला. पाल तर बाहेर फेकली होती. हा दुसराच वास. ग्रीस, आणि... बासुंदी. आटवलेल्या दुधाचा, वेलदोड्याचा. श्रेणिकभाऊला कळेना हा वास इथं कुठून. मला कळला.

तबकडीच्या पोटात वर एक छोटी कोठडी आहे. तिथं एक फोन. खालच्या खोलीतून लावता येतो. श्रेणिकभाऊनं रिसीव्हर उचलला, बटण दाबलं. वर घंटी वाजताना ऐकू येत होती, लांब, लोखंडात घुमत.

एकदा.

दोनदा.

कुणीतरी उचलला.

श्रेणिकभाऊ नुसता ऐकत राहिला. त्याचे ओठ पांढरे झाले. मग त्यानं रिसीव्हर माझ्या हातात दिला.

आत श्वास नव्हता. शब्द नव्हता. फक्त एक बारीक आवाज. माणूस चढताना त्याच्या खिशात चावी पान्यावर आपटते... तसा. किण. किण. किण.

मी खाली बसलो. फरशीवर. आणि सांगून टाकलं.

दुसरी चावी आहे. मीच आणली.

साहेबांनी मला दिवाळीच्या आधी बोलावलं होतं. म्हणाले, हा नवल पुन्हा पुन्हा चावी घरी नेतो, काम अडतं. तू एक दिवस ही चावी बाजारात ने आणि दुसरी कापून आण, श्रेणिकला सांगू नकोस, तो उगाच तत्त्वाचं बोलतो. मी नेली. शहाद्याच्या आठवडे बाजारात, तो चटईवर बसणारा चावीवाला. चहा पिऊन होईपर्यंत त्यानं कापून दिली. मला त्यात काही वाटलंच नाही हो. घराच्या कुलपाला नसतात का दोन चाव्या?

अकरा तारखेला रविवार म्हणून श्रेणिकभाऊ खाली शहाद्याला होता, आणि साहेबांकडे बाहेरचे पाहुणे होते. जेवणं चालली होती. पाहुण्यांना तबकडी फिरताना दाखवायची, दिवे लावून. कपाटाला चावी नव्हती. साहेब हसले, म्हणाले, "गेला आमचा नवल घरी चावी घेऊन." आणि खिशातून दुसरी काढली. लावली. दिवा विझला. संगणकानं काय करावं बिचाऱ्यानं? त्याला चावी दिसली, त्यानं परवानगी दिली.

आणि नवल घरी गेलाच नव्हता. तबकडी फिरताना कुरकुरते, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, म्हणून तो ग्रीस भरायला वर बसला होता. सहा वाजल्यापासून. स्वतःहून. चावी खिशात घालून. कायद्यानं.

दोन ठोके ऐकू आले नव्हते मला त्या संध्याकाळी. लक्षात आलं होतं. मला वाटलं, विसरला असेल.

मग ओरडणं. एकच. मग मोटार आपोआप थांबली, ताण आला म्हणून. साहेब आणि मी शिडीवरून गेलो. साहेबांनी बॅटरी धरली. त्यांनी पहिल्यांदा नवलच्या तोंडाकडे पाहिलं नाही. खिशात हात घातला. चावी काढली. चिंधी... चिंधी ओली होती. ती चावी त्यांनी रुमालात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "वाटेत कुठेतरी टाकून दे." खाली उतरले, हात धुतले, साबण लावून, दोनदा. आणि पाहुण्यांना म्हणाले, थोडा तांत्रिक बिघाड आहे, आपण गोड घेऊ. खिडकीतून मला दिसत होतं. स्वतःच्या हातानं बासुंदी वाढत होते. त्याच हातानं. पाहुणे दुसऱ्यांदा मागून घेत होते.

मी नवलला जीपमध्ये मागे घेऊन घाट उतरत होतो. आणि त्या वळणावर थांबून, तो मागे असताना, त्याची चावी मी दरीत फेकली.

एवढं मी श्रेणिकभाऊला सांगितलं. मला वाटलं तो ओरडेल, मारेल. मार खायची माझी तयारी होती. त्यानं काही केलं नाही. मी त्याचा हात धरला होता बोलताना. तो हात त्यानं हळूच सोडवला. आणि आपल्या पँटीला पुसला. पाल काढल्यावर पुसला होता ना, तसाच.

फोन खाली लोंबत होता. त्यातून अजून येत होतं. किण. किण.

श्रेणिकभाऊनं तो उचलला आणि अगदी हळू म्हणाला, "नवल, सही करणार नाही. तू ये खाली."

आवाज थांबला.

आम्ही उजाडेपर्यंत बसलो. दोन ठोके काही पडले नाहीत. दिवा लालच.

सकाळी तीन माणसं आली. श्रेणिकभाऊनं सगळं सांगितलं. चाव्या दोन होत्या, नवलचा दोष नव्हता. साहेबांनी पितळी चावी टेबलावर ठेवली. म्हणाले, "चावी एकच. ही समोर आहे. दुसरी असेल तर दाखवा." मग श्रेणिकभाऊ म्हणाला, "आप्पांना विचारा."

चहा आला होता. साहेब बिस्किट चहात बुडवत माझ्याकडे बघून म्हणाले, "हां, आप्पा सांगतील. आप्पा, चाव्या किती होत्या?"

मी म्हणालो, "एक."

असं बघू नका माझ्याकडे. बघा, खुशाल बघा. नोकरी जाईल म्हणून नाही बोललो मी. दोन म्हणालो असतो, तर पहिली कुठे गेली तेही सांगावं लागलं असतं. मागे तो असताना मी जीप थांबवली, ते. ते तोंडातून निघेना. बिस्किट तुटून चहात पडलं, साहेबांनी चमच्यानं ते काढून खाल्लं, आणि मला त्यांची शिसारी आली. मग कळलं, त्यांची नाही आली. त्यांच्या डोळ्यांत मला मी दिसत होतो.

सही दुसऱ्या कुणीतरी केली. नवल दारुडा ठरला. त्या दिवशी तेराव्याच्या जेवणाला मी गेलो नाही. श्रेणिकभाऊनं नोकरी सोडली. दुकानात गेलो तर कापड दाखवतो, भाव सांगतो. आप्पा म्हणत नाही.

"आणि तबकडी, आप्पा?"

तबकडी हलली नाही, जागृती. नवे साहेब आले, नवे इंजिनियर आले, पुण्याहून, बंगलोरहून. तारा बदलल्या, संगणक बदलला. दिवा लाल. शेवटी आता म्हणे चावीच काढून टाकली.

"हो, मला सांगितलंय तसं. नव्या सिस्टीममध्ये चावी नाही. सगळं सॉफ्टवेअरमध्येच."

तेच. दिवाच काढून टाकला, भूपेश. सोमवारी चालू करणार आणि तू वर चढणार.

म्हणून सोमवारी मी तुझ्याबरोबर येणार आहे. दिवसा. सगळ्यांसमोर. दोन होत्या म्हणून सांगायला. त्या वळणावर थांबून, दरी दाखवून सांगणार. मग म्हसावदला, रूपालीच्या ओट्याशी. ती ओट्यावरून उतरली नाही तरी खाली उभा राहून सांगणार. तुझे वडील नको म्हणतील. म्हणू देत.

तुम्हाला वाटत असेल, म्हाताऱ्याच्या मनाचे खेळ. त्या रात्री थंडी होती, पाल सडली होती, वारा शिडीवर आपटला असेल. मीही स्वतःला तेच सांगितलं असतं. पण शेवटचं ऐका.

एक म्हणून आलो, ती तेवीस तारखेची रात्र. याच घरात, या दारामागे मी झोपलो. झोपलो कसला, पांघरुणात पडून होतो. काही ऐकलं नाही. सकाळी दार उघडलं.

भूपेश, दिवा घे. वर धर. दाराच्या चौकटीवर, हां... तिथं. दिसतं?

ग्रीसचा पंजा आहे. तीनदा रंग दिला त्यावर. पावसाळा गेला की परत वर येतो. आणि नीट बघ. खालून उभ्या माणसानं टेकवलेला हात असा उमटत नाही. बोटं खाली आहेत. मनगट वर. वरून कुणी वाकून हात टेकवला तर...

मी तिथंच उभा होतो, असाच वर बघत. शेजारची अनुसयाबाई अंगण झाडत होती. आता ती सुरतेला मुलाकडे असते, खोटं वाटलं तर फोन करून विचारा. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नवलचं नावसुद्धा तिनं ऐकलं नव्हतं. झाडू तसाच हातात धरून ती कुंपणापाशी आली आणि मला म्हणाली,

"आप्पा, रातले तुमना पत्रावर कोन बठेल व्हतं? मी पुसं, कोन शे रे भाऊ, एवढी थंडीमा, खाले ये. तर म्हने, चावी मन्हा खिसामा शे माय... मी अजून खाले उतरेल नही."